स्पर्धेतून बाहेर पडलेल्या घोड्याचं पुढे काय करायचं?

दुडकी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचनमात्रच असते, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय.

माझा घोडा वजीर. रंगाने कुमेद, खच्ची केलेला, वय १७. उड्यांच्या स्पर्धांसाठीच तयार केलेला. ऐन भरात होता तेव्हा १.३० मीटर उंच अडथळ्यांच्या फेऱ्या आरामात काढायचा. गेल्या मोसमात उडीनंतर उतरताना पुढचा डावा पाय जपायला लागला, मग वळणावर पाऊल आखूड पडायला लागलं आणि एकदा तिहेरी अडथळ्यासमोर सरळ थांबला. वजीरने नकार दिला असं याआधी कधी झालंच नव्हतं. खुराच्या आतला सांधा, ज्याला डॉक्टर कॉफिन जॉइंट म्हणतात, त्यात संधिवात निघाला. इंजेक्शनं दिली. पहिल्यांदा चांगला गुण आला, पुढे तो टिकायचा काळ कमी कमी होत गेला. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, स्पर्धा बंद.

ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. प्रशिक्षक म्हणतात, नवशिक्यांच्या शाळेला द्या, शहाणा घोडा आहे. मैत्रीण म्हणते, कुरणावर सोड. घरच्यांचं म्हणणं, विकून टाक आणि नवा घे. एक ओळखीचे गृहस्थ 'फुकट दिलात तर उद्या घेऊन जातो' म्हणतायत, आणि का कोण जाणे, त्यांचंच सगळ्यात जास्त खटकतंय.

बाकी तब्येत ठणठणीत. खातो-पितो नीट, खोगीर दिसलं की कान टवकारतो. निर्णय घ्यायचा तर नेमकं काय काय बघायचं ते सांगा. 'मनाचं ऐक' सोडून काहीही सांगा. :)

कुंपणाबाहेर

एवढी वर्षं तुमच्यासाठी उड्या मारल्या बिचाऱ्याने. आता सोडून द्या की हिरव्यागार कुरणात! ना खोगीर, ना लगाम. यात विचार करण्यासारखं काय आहे?

जुना_खरारा

@कुंपणाबाहेर, कुरण लांबून फार गोजिरं दिसतं. तबेल्यात वाढलेला घोडा एका सकाळी नेऊन कुरणात सोडला की काय होतं ते बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चंदी. स्पर्धेच्या घोड्याच्या तोबऱ्यात दाणा भरपूर असतो. काम थांबलं आणि दाणा तसाच राहिला तर तो उधळणार, दार लाथाडणार, आणि आपण म्हणणार 'स्वभाव बिघडला'. काम जसं उतरवाल तसा दाणाही उतरवा, त्याच्या जागी गवत वाढवा. ५०० किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलो सुका चारा लागतो, आणि तोही दिवसभर थोडा थोडा. घोडा खात असो वा नसो, त्याच्या जठरात आम्ल पाझरतच असतं. उपाशी उभा राहिला की अल्सर ठरलेला.

आता ते हिरवंगार गवत. काम सुटलेल्या, वय झालेल्या घोड्याला कोवळं, साखर भरलेलं गवत बाधतं. आधी मानेवर चरबीचा कंगोरा चढतो, लोक म्हणतात 'छान अंग धरलंय', आणि मग लॅमिनायटिस. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, बळावलं तर हाड आतल्या आत फिरतं. असा घोडा पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभा असतो. पाऊल उचलायचं म्हटलं तरी त्याला घाम फुटतो. सुखाची निवृत्ती म्हणून सोडलेले घोडे अशा अवस्थेत परत येतात. हेनेके या संशोधकाने १९८३ साली अंगमांसाची १ ते ९ अशी मोजपट्टी बसवली, तिच्यावर घोडा ५ च्या आसपास हवा. सोपी खूण म्हणजे बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात.

आणि संधिवाताच्या घोड्याचं काम एकदम तोडणं हेही चूकच. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे सकाळी आखडतात आणि घरात चार फेऱ्या मारल्या की सुटतात, तसंच त्याचं. त्याला हालचाल हवी, फक्त धक्के नकोत. मोठ्या जागेत दिवसभर मोकळा फिरला तर उत्तम. चार भिंतीत बांधून ठेवणार असाल तर त्याला कोणी तरी रोज चालवायला हवं.

कळपात घालताना आधी काही दिवस कुंपणापलीकडून ओळख होऊ द्या आणि मागचे नाल काढा. नव्याला लाथा बसतातच, नालासकट बसली तर हाड जातं. एकटा मात्र अजिबात ठेवू नका.

हिशेबनीस

जुना_खरारांशी सहमत. मी रुक्ष बाजू मांडतो, कारण ती कोणी मांडत नाही.

घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. वजीर १७ चा आहे, म्हणजे दहा वर्षं सहज धरून चला. स्पर्धा थांबली की प्रवेश शुल्क, वाहतूक, प्रशिक्षकाची फी सुटते. चारा सुटत नाही. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी येणारच, नाल नसले तरी खूर छाटावे लागतातच. दात वर्षातून निदान एकदा, म्हाताऱ्याचे दोनदा. लसी, जंत, वयाची दुखणी वेगळी. निवृत्त घोडा स्वस्तात पडतो ही समजूत ज्यांनी ठेवलेला नाही त्यांचीच.

म्हणून पहिला प्रश्न 'कुठे ठेवू' हा नकोच. दहा वर्षं दर महिन्याला पैसे कोण देणार, आणि त्या माणसाला काही झालं तर त्याच्या मागे कोण, हे आधी. ही दोन नावं कागदावर आली की बाकीचे निम्मे पर्याय आपोआप गळतात. 'सोन्यासारखा सांभाळतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारून बघा.

जनावरांचा_डॉक्टर

धागाकर्तीच्या डॉक्टरांनी घोडा बघितलाय, मी नाही. तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

'स्पर्धा बंद' आणि 'काम बंद' या दोन निदानांची लोक गल्लत करतात. १.३० मीटरवरून उतरताना पुढच्या पायांवर जो भार येतो तो चालताना येत नाही. कित्येक घोडे उड्या सोडल्यावर वर्षानुवर्षं हलकं काम आनंदाने करतात. उलट काही घोडे कुरणात नुसते उभे असतानाही दुखत असतात. दुखणं किती आणि कशाने वाढतं, हे आधी शोधा.

त्यासाठी वेदनाशामक पूर्ण थांबवून, औषधाचा अंमल उतरल्यावर तपासणी करून घ्या. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक चालू असताना 'छान चालतोय' याला काहीही अर्थ नाही. सरळ रेषेत चाल आणि दुडकी, मग वर्तुळात डावीकडून आणि उजवीकडून, मऊ जमिनीवर आणि कडक जमिनीवर. लंगडण्याची प्रत ० ते ५ अशी लावतात. ० म्हणजे काही नाही, २ म्हणजे सरळ चालताना धड दिसत नाही पण वर्तुळात किंवा कडक जमिनीवर हटकून दिसतं, ३ म्हणजे दुडकीत कुठेही दिसतं, ५ म्हणजे पाय जेमतेम टेकवतो किंवा टेकवतच नाही. तुमच्या डॉक्टरांकडून हा आकडा मागून घ्या, प्रत्येक जमिनीचा वेगळा.

दुसरं, स्वार वर असतानाचा व्हिडिओ काढा. अश्ववैद्य स्यू डायसन यांच्या गटाने २०१८ मध्ये स्वारीतल्या घोड्याच्या वेदनेच्या २४ खुणांची यादी मांडली. कान बराच वेळ मागे पाडलेले, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी फटकारणं, डोकं एका बाजूला तिरकं, शून्यात लागलेली नजर, पाऊल पुढे टाकायला कुरकुर. २४ पैकी ८ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंत दुखणं असण्याची शक्यता बरीच. 'आळशी झालाय', 'नाटकं करतो' म्हणून टाचा खाल्लेल्या कितीतरी घोड्यांचं खरं कारण या यादीत सापडतं. वजीरचा तो नकारही याच खात्यातला.

तिसरं, वजन. निरोगी घोड्याने खोगिरासकट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत भार न्यावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. सांधे दुखणाऱ्या घोड्याला त्याच्या बरंच खाली ठेवा.

आणि वय १५ च्या पुढे आहे, तर पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराची रक्ततपासणी उरकून घ्या. केस लांब होऊन वेळेवर झडत नाहीत, पाठीचं मांस उतरतं, कारण नसताना लॅमिनायटिस होतो. औषध आहे, पण आधी कळायला हवं.

दुडकी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय. औषध थांबवून तपासणी ठरवते आणि इथे कळवते.

हिशेबनीस, पैसे मी देणार. मागचं नाव मात्र माझ्याकडे नाहीये. बहिणीशी बोलावं लागेल.

शांतगती

प्रशिक्षकांनी शाळा सुचवली, तसं कोणी तरी 'अपंग मुलांच्या थेरपीसाठी द्या' हेही सुचवेलच, त्याआधी लिहून टाकते. मी अशा केंद्रात काम करते आणि आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी कोणी तरी लंगडा घोडा पुण्य म्हणून द्यायला येतो.

या उपचाराचा पायाच घोड्याची चाल आहे. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कमरेला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित गोल अशी फिरवते, जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखी. ज्या मुलाने स्वतः पाऊल टाकलेलं नाही त्याच्या शरीराला ती लय मिळते. घोडा एका पायाने आखूड पडत असेल तर मुलाला वाकडी लय मिळणार. म्हणजे आम्हाला घोडा चालीत निर्दोष लागतो. दुडकी नाही केली तरी चालेल.

डेन्मार्कच्या स्वार लिस हार्टेल यांचं नाव इथे निघतंच. पोलिओने गुडघ्याखाली पायात जोर उरला नव्हता, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली या घोडीवर ड्रेसाजचं, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, रौप्यपदक. त्यानंतर ही कल्पना पसरली आणि १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. पण ज्युबिली काही बाद झालेली घोडी नव्हती, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

स्वभावाचंही बघावं लागतं. व्हीलचेअरचा खडखडाट, अचानक किंचाळणारं मूल, दोन्ही बाजूंना चिकटून चालणारी माणसं, पाठीवर कलंडणारं वजन. उड्यांचा घोडा पायाच्या इशाऱ्याला तत्पर असतो, तो यात बावरतो. काही घोडे रमतात, काही आतल्या आत कुढतात आणि चावायला लागतात. चांगलं केंद्र घोडा काही आठवडे पाहुणा म्हणून ठेवून घेतं आणि नाही जमलं तर परत पाठवतं. चाचणी न घेता 'आणा आणा' म्हणणाऱ्या केंद्राला देऊ नका.

अबलख_घोडी

जरा अवांतर. माझी घोडी पण वयामुळे उतरतेय. तिला शिंगरू घ्यावं असं मनात आहे. चालेल का?

जनावरांचा_डॉक्टर

@अबलख_घोडी, ती कशामुळे उतरतेय ते आधी. खुरांची ठेवण, सांध्यांची दुखणी, श्वासाचे विकार यांतलं बरंच पुढच्या पिढीत उतरतं. पंधरा वर्षांच्या पुढची घोडी पहिलटकरीण असेल तर गाभण राहणंही अवघड. राहिली तर अकरा महिने वाढतं वजन दुखऱ्या पायांवर. आणि मग घर शोधायला दोन घोडे होतात.

अबलख_घोडी

शेवटचं वाक्य पटलं. :(

मैदान_सोडलेला

मी शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे स्वारीसाठी पुन्हा तयार करतो. दुडकीताई, तुम्हाला ते फुकटवाले गृहस्थ खटकतायत ना, तुमचं खटकणं बरोबर आहे. दोन गोष्टी सांगतो.

फर्डिनांड. १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत जिंकली, १९८७ मध्ये अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. पुढे पैदाशीसाठी जपानला गेला, तिथे मागणी ओसरली, हात बदलत गेला आणि २००२ मध्ये कत्तलखान्यात संपला. बातमी बाहेर आली ती दुसऱ्या वर्षी. एक्सेलर. १९७८ मध्ये एकाच शर्यतीत सिअ‍ॅटल स्लू आणि अफर्म्ड या दोन्ही ट्रिपल क्राउन (एकाच वर्षात तिन्ही मोठ्या शर्यती) विजेत्यांना मागे टाकणारा. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये त्याचंही तेच झालं. एवढे नावाजलेले घोडे, करोडोंची बक्षिसं, आणि तरी शेवटी कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या विक्रीत सहसा कोणी वाईट हेतूने घोडा देत नाही. पहिला घेणारा बरा असतो. त्याच्याकडून दुसरा घेतो, तिसरा घेतो, आणि प्रत्येक वेळी घोडा एक पायरी खाली जातो. ज्याला काही किंमत मोजावी लागली नाही त्याला तो पुढे द्यायलाही काही वाटत नाही. शिवाय दुखरा घोडा पेनकिलर देऊन 'नीरोगी' म्हणून विकणारे आहेत, आणि ज्या मुलीला तो विकला जातो ती त्याच्यावरून पडते.

या प्रकरणांचा आणि एकूणच गहजबाचा परिणाम म्हणून शर्यतीच्या धंद्याने थोडी जबाबदारी उचलली. ब्रिटनमध्ये २००० साली निवृत्त घोड्यांना पुन्हा शिकवणारी अधिकृत संस्था निघाली, अमेरिकेत २०१२ मध्ये थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स आली, जी अशा केंद्रांची तपासणी करून मान्यता देते. शर्यतीचा घोडा दुसऱ्या वर्षी धावायला लागतो, पाच-सहाव्या वर्षी बऱ्याच जणांचं संपतं. पुढची वीस वर्षं उरतात. त्या मानाने वजीरचं वय बरं म्हणायचं.

आमचं काम कसं असतं तेही सांगतो, नव्याने घोडा घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. शर्यतीच्या घोड्याचा लगाम ओढला की तो थांबत नाही, त्यावर रेलून जास्त जोर लावतो, कारण त्याला तेच शिकवलेलं असतं. चढताना ठोकळ्यापाशी शांत उभं राहणं त्याला माहीत नसतं, त्याच्यावर जॉकीला चालता चालता चढवलेलं असतं. पायाचा दाब म्हणजे काय हे त्याला कळत नाही. पहिले काही महिने नुसतं गवत, सोबत आणि अल्सरचा उपचार, मग शून्यापासून चाल. घाई केली की घोडा 'वेडा' ठरतो आणि पुढच्या हातात जातो.

असो. ताई, घोडा द्यायचाच झाला तर मालकी देऊ नका, वापरायला द्या. कागदावर हे हवं: मालकी तुमची, मायक्रोचिपच्या नोंदीतही तुमचंच नाव. त्याला विकता येणार नाही, दुसऱ्याला देता येणार नाही, ठिकाण बदललं तर आधी कळवायचं. काम कोणतं चालेल ते नेमकं लिहायचं, म्हणजे 'उडी नाही' असं शब्दांत, 'हलकं काम' असं मोघम नको. तुम्ही न सांगता कधीही बघायला जाऊ शकता. नको झाला तर फक्त तुमच्याकडेच परत. आणि शेवटच्या उपचाराचा निर्णय कोणाचा. सही करायला कुरकुर करणाऱ्याशी तिथेच बोलणं संपवा.

चौखूर

मुळात शर्यती आणि स्पर्धाच बंद करायला हव्यात. जनावराला राबवायचं आणि मग धागे काढायचे!

व्यवस्थापक

@चौखूर, त्या विषयावर वेगळा धागा काढा. इथे धागाकर्तीच्या प्रश्नापुरतं राहूया.

मोतद्दार

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण एक पर्याय कोणी काढला नाही, म्हणून मी काढतो. झोपवणं, म्हणजे वेदनेविना शेवट देणं.

आता लगेच नाही. वजीर बरा आहे असं दिसतंय. पण कधी, हे आजच ठरवून ठेवा. तेव्हा ठरवायला गेलात तर 'आणखी चार दिवस बघू' करत घोडा हाल काढतो.

तबेल्यात राहणाऱ्याला जे दिसतं ते मालकाला दिसत नाही, म्हणून सांगतो. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तरी आडवं व्हावंच लागतं. सांधे दुखणारा घोडा आडवा होत नाही, कारण उठता येईल याची त्याला खात्री नसते. मग उभ्यानेच झोप अनावर होते, पुढचे पाय दुमडतात आणि तो दचकून सावरतो. सकाळी खरारा करताना बघा. अंगाला, शेपटीला बिछान्याचं गवत लागलेलं असेल तर आडवा झाला होता. अंग रोज स्वच्छ दिसतंय आणि पुढच्या पायांच्या घोट्यांवर, समोरच्या बाजूला, सोललेल्या खपल्या आहेत, तर रात्री तो कोसळतोय. अशा घोड्याचा मालक दिवसा येतो, गाजर देतो, घोडा कान टवकारतो, मालक खूश. मोतद्दाराला विचारा.

कुंपणाबाहेर

शी! एवढ्या वर्षांच्या सोबत्याला मारायचं? हा पर्याय तरी कसा सुचतो?

जनावरांचा_डॉक्टर

@कुंपणाबाहेर, मोतद्दारांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. घोट्यावरच्या त्या खपल्यांना मालक 'कुठे तरी घासलं असेल' म्हणून मलम लावत बसतात.

अमेरिकेतल्या अश्ववैद्यांच्या संघटनेची याबाबत मार्गदर्शक तत्त्वं आहेत. घोड्याला असाध्य आजारापायी सतत आणि आवरता न येणाऱ्या वेदना सोसाव्या लागू नयेत. ज्यातून वाचण्याची आशा नाही असं दुखणं सोसावं लागू नये. तो स्वतःला किंवा सांभाळणाऱ्यांना धोका होईल अशा अवस्थेत राहू नये. उरलेलं सगळं आयुष्य वेदनाशामकांवर काढावं लागू नये. आणि वेदना कमी राहाव्यात म्हणून जन्मभर एकट्याने कोठडीत कोंडून राहावं लागू नये. शेवटच्या दोन मुद्द्यांपाशी लोक अडखळतात, कारण 'गोळीवर छान चाललंय' आणि 'कोठडीत शांत असतो' हीच त्यांची समजूत असते.

व्यवहाराची बाजूही आधीच बघून ठेवा. झोपवण्यासाठी पेंटोबार्बिटल हे औषध दिलेलं शरीर विषारी राहतं, ते उघड्यावर पडलं तर गिधाडं, गरुड, कुत्री मरतात. पुरायचं तर खोल आणि पाण्यापासून दूर. स्थानिक नियम काय आहेत ते घोडा ठणठणीत असतानाच विचारून ठेवा. त्या दिवशी फोन फिरवत बसायची वेळ येऊ नये.

कुंपणाबाहेर

हे माहीत नव्हतं. वाचतोय.

दुडकी (धागाकर्ती)

तपासणी झाली. औषध थांबवून, पूर्ण अंमल उतरल्यावर. सरळ रेषेत चाल स्वच्छ. मऊ जमिनीवर सरळ दुडकीतही जवळजवळ काही नाही. कडक जमिनीवर डाव्या हाताच्या वर्तुळात मात्र दर वेळी लंगडतोय, प्रत २. पिट्युटरीची तपासणी ठीक आली. मोतद्दारांना सांगायचंय, अंगाला रोज भरपूर गवत असतं आणि घोटे स्वच्छ आहेत. आमच्या तबेल्यातल्या दादांना विचारलं तर म्हणाले, 'पहाटे घोरतो'.

आता एक लख्ख दिसलं, आणि माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. नवशिक्यांची शाळा म्हणजे दिवसभर रिंगणात गोल गोल. वजीरला दुखतं ते नेमकं तिथेच. शिवाय वर डोलणारा, तोल सांभाळताना लगाम ओढणारा स्वार. प्रशिक्षकांचा हेतू चांगला होता, पण ते कटाप. थेरपी केंद्राला विचारून बघणार होते, पण चाल आज स्वच्छ असली तरी दोन वर्षांनी काय, या प्रश्नावर शांतगतींचं म्हणणं आठवलं. त्यांना फिरून घोडा बदलावा लागेल, आणि वजीरला जागा.

सध्या असं ठरतंय. वजीर माझाच राहणार. ओळखीतल्या एक बाई, वजनाने हलक्या, स्वार म्हणून मुरलेल्या, स्पर्धेत मुळीच रस नाही, आठवड्यातून काही दिवस मऊ वाटांवर सरळ रपेट करतील. चाल आणि थोडी दुडकी. मैदान_सोडलेला यांनी दिलेले सगळे मुद्दे कागदात घातले, त्या बाईंनी वाचून एक स्वतःहून वाढवला: पाय दुखतोय असं वाटलं तर विचारायला न थांबता उतरून चालत परत यायचं. तिथेच माझा विश्वास बसला. बहिणीने मागचं नाव म्हणून सही केली. आणि शेवट कधी, ते डॉक्टरांसोबत बसून लिहून काढलं. लिहिताना जड गेलं, पण लिहिलं.

त्या फुकटवाल्या गृहस्थांना कराराचा मसुदा पाठवला होता, सहज. उत्तर आलेलं नाही.

हिशेबनीस

येणारही नाही. :) बहिणीचं नाव आलं, हे उत्तम झालं.

मैदान_सोडलेला

कागदाची एक प्रत तबेल्याच्या मालकाकडेही ठेवा. भाडं थकलं म्हणून घोडा परस्पर विकल्याचे प्रकार होतात.

अबलख_घोडी

दुडकीताई, नावं-गावं काढून कराराचा मसुदा इथे टाकाल का? मला घोडीसाठी लागेल.

दुडकी (धागाकर्ती)

हो, या आठवड्यात टाकते.

जुना_खरारा

बरं झालं. एक राहिलं. उड्यांचे नाल आणि वाटेवर चालायचे नाल यांत फरक असतो, तेव्हा पहिल्या रपेटीआधी नालबंदाला सांध्याचा एक्स-रे दाखवा. या सांध्याच्या दुखण्यात खुराचं पुढचं टोक लांब राहिलं की प्रत्येक पावलाला सांध्यावर ताण येतो. टोक आखूड ठेवायचं, नाल पुढून गोलसर करून घ्यायचा, म्हणजे पाऊल उचलायला सोपं जातं. सहा आठवड्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि दाणा उतरवायला आजपासूनच लागा, पाव-पाव किलोने.